नळी माझी, रस्सा समद्यांचा

आक्का सकाळी साडेदहाला उठायच्या. हेच वाक्य हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एखाद्या पोराबद्दल लिहिलं असतं, तर कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण आक्का मारुंजीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या, वय वर्षं अडुसष्ट. त्यांच्या वयाच्या बाकी बायका साडेदहाला दुपारच्या भाकऱ्या थापून मोकळ्या झालेल्या असत. आक्का त्या वेळी दार उघडून ऊन कुठवर आलंय ते बघायच्या आणि उंबऱ्यावर बसून जांभया द्यायच्या. जांभईसुद्धा त्यांनी कधी अर्धी दिली नाही.

"चाळीस वर्षं मला म्हशींनी उठवलं. पहाटं चारला," त्या सांगायच्या. "आता म्हशी न्हाईत. मग उठून कुनाचं तोंड बघू?" मालक गेले आणि म्हशी विकल्या, दोन्ही एकाच वर्षी झालं होतं. दोघांपैकी आठवण कुणाची जास्त येते, असं एका भाडेकरूने भोचकपणे विचारलं होतं म्हणे. आक्कांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाल्या, "चंद्री म्हस लई गुणाची व्हती."

गोठ्याच्या जागी त्यांच्या मुलाने अकरा खोल्यांची चाळ बांधली होती. दहा खोल्यांत आमच्यासारखे बाहेरगावचे नोकरदार. कोपऱ्यातली अकरावी खोली आक्कांची. टाकीत पाणी चढवायच्या मोटारीचं बटण त्यांच्या उशाशी होतं, त्यामुळे मोटार साडेदहानंतर. त्याआधी टाकी संपली तर संपली. एकदा अंगभर साबण लावलेला शेजारचा इंजिनियर टॉवेल गुंडाळून त्यांचं दार वाजवत उभा होता. आतून फक्त आवाज आला, "पुसून घे, नागपूर!" आक्का आम्हाला गावांच्या नावांनी हाका मारायच्या. दहा जणांची नावं लक्षात ठेवायची तर डोक्याला ताण, आणि ताण घ्यायचा नाही हे तर ठरलेलं. मी परभणी.

खोली बघायला गेले तेव्हा आधार कार्ड, कंपनीचं पत्र, सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं. आक्कांनी फाइल उघडलीच नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर श्रीखंडाचा डबा, आणि डब्यात चमचा नव्हता, बोट होतं. मला म्हणाल्या, "तुला काय आवडतं?" मला वाटलं, खोलीबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, "मला काहीही चालतं." त्यांनी बोट चाटून स्वच्छ केलं. "अगं, म्हशीलाबी कायबी चालत न्हाई. सरकी घातली न्हाई तर पाटीवरनं तोंड फिरवती. तू तर शिकलेली बाई." खोली मिळाली. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि पुढची तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी तो मला विचारला गेला. प्रत्येक वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली, कारण उत्तर मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या गाऊनवर गावात बरीच चर्चा होती. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई मालकांचं वर्षश्राद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाऊनमध्ये अंगणात आली, फुलाफुलांच्या, खिसा असलेल्या. खिशात शेंगदाणे. देवळाकडे जाणाऱ्या बायका थांबून म्हणाल्या, "आक्का, ह्ये काय?" आक्का म्हणाल्या, "खिसा." खरं तर एवढं स्पष्टीकरण त्यांनी कुठल्याच गोष्टीचं पुन्हा दिलं नाही. गाव त्यांना माघारी 'खुशाल आक्का' म्हणायचं. खुशालचेंडू पुरुष गावाने ढिगाने पाहिले होते, पारावर पत्ते कुटणारे, जमीन विकून गाड्या उडवणारे. त्यांच्याबद्दल लोक कौतुकाने हसत. खुशालचेंडू बाई मात्र पहिलीच, त्यामुळे हसावं की रागवावं हे गावाचं नक्की होत नव्हतं.

आमच्या ऑफिसात याला नवा शब्द आला होता. माझ्या शेजारी बसणारी रुचा शुक्रवारी संध्याकाळी जाहीर करायची, "मी दोन दिवस गॉब्लिन मोडमध्ये." म्हणजे आंघोळ नाही, केस विंचरणं नाही, अंथरुणात लोळत वेफर्सच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, फोन उचलायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे कुणाला सॉरी म्हणायचं नाही. सोमवारी ती भांग पाडून, इस्त्रीचा कुर्ता घालून हजर व्हायची आणि दिवसभर सगळ्यांना सॉरी म्हणायची. मी हा शब्द आक्कांना समजावून सांगितला. गॉब्लिन म्हणजे तिकडचं एक बुटकं, खादाड भूत, वगैरे.

आक्का शेंगदाणे खात शांतपणे ऐकत होत्या. "म्हंजी पोरगी दोन दिस लोळली तर तिचं भूत व्हतं?"

"तसं म्हणतात हल्ली."

"आन् बाप्ये जन्मभर लोळत्यात, त्यास्नी काय म्हनत्यात?"

त्यांनीच उत्तर दिलं. "मालक म्हनत्यात." आणि पुढचा शेंगदाणा सोलला.

आता नळीचं सांगायला हवं, कारण आक्का म्हटलं की माझ्या कानात पहिल्यांदा तो आवाज येतो, स्टीलच्या ताटावर हाड आपटल्याचा, ठक, ठक, ठक. रविवारी आक्का मटण करायच्या. चाळीत ज्याला खायचं त्याने आपलं ताट घेऊन यायचं. रस्सा असा की डोळ्यांतून पाणी यावं आणि तरी दुसऱ्यांदा वाटी पुढे करावी. पण पातेल्यावरचं झाकण उचललं की सगळ्यात आधी आक्का पळीने चाळून सगळ्या नळ्या हुडकायच्या आणि आपल्या ताटात घ्यायच्या. दोन असोत की पाच. "नळी माझी, रस्सा समद्यांचा," एवढं बोलून त्या बसायच्या. मग हाडाला तोंड लावून जोरात ओढायचं, आतला गर आला नाही तर ताटावर आपटायचं, पुन्हा ओढायचं. डोळे मिटलेले. त्या वेळी दारात कलेक्टर आला असता तरी त्याला थांबावं लागलं असतं.

ज्यांच्या घरात मटण शिजतं त्यांना यातली मेख कळेल. नळी आधी सासऱ्याच्या ताटात जाते, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या, जावई आला असेल तर सगळ्या त्याच्या. पहिली पंगत पुरुषांची. बायका बसेपर्यंत पातेल्यात रस्सा आणि मानेचे तुकडे. आक्कांनी हिशेब मांडून दाखवला नाही कधी, पण एवढं म्हणाल्या होत्या, "लगीन झाल्यापास्नं नळ्या शिजवल्या मी. चव कशी असती ती कळाली साठाव्या वर्षी. कळाल्यावर लई राग आला."

मला त्या नळी द्यायच्या नाहीत. पातेलं माझ्यापुढे सरकवायच्या. "हात घाल. मी वाढनार न्हाई." मी म्हणायचे, "राहू द्या आक्का, तुम्हाला आवडते." त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच त्यांना शिवी दिली. "मी दिली तर ती माझी व्हती. तू घेतली तर तुझी." तीन वर्षं पातेलं माझ्यापुढे सरकत राहिलं आणि तीन वर्षं मी रस्सा खाल्ला.

एका रविवारी, बाकीचे गेल्यावर, मी त्यांना आईबद्दल सांगितलं. आईचा दहावा आमच्याकडे गोदाकाठी झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, लिंबावर बसून आमच्याकडे बघत होते. बाबा म्हणाले, "पोरीचं लग्न लावून देईन." कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, "बाबांना अंतर देणार नाही." हलला नाही. मग मावशी म्हणाली, "अरे, तिला काय आवडायचं ते तरी ठेवा पानावर." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. आईला काय आवडायचं? सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते आईला आवडायचं, अशी आमची तिघांची समजूत होती. दुपारी दोन वाजता गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला गेले. मला त्या दिवसापासून कावळ्याकडे सरळ बघवत नाही.

हे ऐकताना आक्कांचं चावणं थांबलं होतं. तीन वर्षांत तेवढं एकदाच. "तुझी आई उपाशी गेली न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "तिला कुनी इचारलंच न्हाई, आन् तिनंबी सांगितलं न्हाई." मग नेहमीच्या आवाजात, "माझ्या येळंला कावळ्याला ताटकळत ठेवनार न्हाई मी. त्यालाबी कामं असत्यात."

आक्का प्रेमळ होत्या असा कुणाचा समज होऊ नये. मला डेंग्यू झाला तेव्हा त्या द्राक्षं घेऊन भेटायला आल्या आणि माझ्या उशाशी बसून ती सगळी खाऊन गेल्या. आमची ऑनलाइन मागवलेली पार्सलं त्यांच्या दारावरून यायची आणि प्रत्येक पार्सलाची 'चव बघितलेली' असायची. मालिका चालू असताना चाळीला आग लागली असती तरी जाहिरात येईपर्यंत थांबावं लागलं असतं.

त्यांचा मुलगा बाळासाहेब आणि सून वैशालीताई समोरच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहायचे. आईने आपल्याकडे येऊन रीतसर आजीसारखं राहावं, पहाटे उठावं, साडी नेसावी, नातीला चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. आक्का म्हणायच्या, "तितं लिफ्टमदी बाया इचारत्यात, आजी, नाश्ता झाला का? माझा नाश्ता बारा वाजता असतो. कितींदा सांगू?" वैशालीताई वाईट नव्हत्या. लोक काय म्हणतील याची सगळी काळजी घरात त्यांच्या एकटीच्या वाट्याला आली होती, आणि ती वाहून त्यांची मान दुखायची.

नातीचं जमलं तेव्हा जवळच्याच चांदे गावाहून व्याही जेवायला आले. मटणाचा बेत. आक्कांना साडी नेसवून आतल्या खोलीत बसवलं होतं. पुरुषांची पहिली पंगत बसली आणि आक्का बाहेर आल्या. व्याह्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या, मोठ्या पातेल्यातून तीन नळ्या काढून ताटात घेतल्या आणि सुरू झाल्या, ठक, ठक, ठक. बाळासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. वैशालीताईंच्या हातातली पळी तशीच राहिली. व्याह्यांनी आधी आक्कांकडे आणि मग आपल्या ताटाकडे बघितलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली विहीणबाई पुढे आली, आक्कांच्या पलीकडे बसली आणि म्हणाली, "हाय का अजून एखादी?" आक्का म्हणाल्या, "हात घाला." लग्न ठरलं. तरी बाळासाहेब आठ दिवस आईशी बोलले नाहीत. "लई निवांत आठ दिस गेले," आक्का मला म्हणाल्या.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, एका शुक्रवारी, मोटार सुरू झाली नाही. साडेदहा वाजून गेले. अकरा वाजले. मी त्या दिवशी घरून काम करत होते. साताऱ्याने दारातून ओरडून विचारलं, "आक्का, पाणी?" मी मनात म्हटलं, आज जरा जास्तच. साडेअकराला मी दार ढकललं. आक्का भिंतीकडे तोंड करून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून झोपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पहाटे चारच्या सुमारास गेल्या असाव्यात. दुसरं कुणी असतं तर घरच्यांना सहा वाजताच शंका आली असती. आक्कांना मात्र कुणी उठवणार नव्हतं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी मोटारीचं बटण दाबलं आणि तिथेच खाली बसून रडले.

मला एकच गोष्ट खात होती. गुरुवारी त्या म्हणाल्या होत्या, "ह्या ऐतवारी खाटकाला सांगून ठेवलंय. नळ्या जास्तीच्या." तो रविवार त्यांना मिळाला नाही. म्हणजे त्यांची नळी राहिली होती. लिंबावर बसलेले ते कावळे मला दहाही दिवस दिसत होते.

दहाव्याला घाटावर मोठा फलक लागला होता. अलीकडचे सगळे फोटो गाऊनमधले, त्यामुळे शोधशोध करून डोक्यावर पदर घेतलेला तीस वर्षांपूर्वीचा फोटो लावला होता आणि खाली 'त्यागमूर्ती' असं लिहिलं होतं. मारुंजीकडे दहाव्याला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात. बाळासाहेबांनी पाच वक्ते सांगितले होते, तेही पिंड ठेवल्यानंतर बोलणारे. "आईची हौस बघता कावळा बारा-एकच्या आत येत न्हाई," ते मला म्हणाले. "मानसं कंटाळायला नकोत." जेवण एक वाजताचं सांगितलं होतं. पानावर श्रीखंड, वेफर्स, शेंगदाणे, थंड पेयाची बाटली, एक घडी घातलेला गाऊनसुद्धा. नळी ठेवायला कुणी धजावलं नव्हतं. ती माझ्या पिशवीत होती, स्टीलच्या डब्यात. पहाटे पाचला उठून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मटण शिजवलं होतं आणि दोन नळ्या बाजूला काढल्या होत्या. कावळा अडला की गुरुजींचे पाय धरायचे आणि डबा पानावर ठेवायचा, असं ठरवलं होतं.

पावणेनऊला पिंड ठेवला. पहिले वक्ते उभे राहिले. "आक्कांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खस्ता खाल्ल्या," ते म्हणाले, "स्वतःसाठी मात्र कधी काही..."

कावळा आला. गुरुजी अजून मागेही सरले नव्हते. तो सरळ पिंडावर उतरला, दोन चोची मारल्या, श्रीखंडात एक, आणि उडून गेला. डबा माझ्या पिशवीतच होता. मी हात घालून झाकण चाचपडत होते, तेवढ्यात सगळं झालंसुद्धा.

वक्ते वाक्य अर्धंच टाकून उभे होते. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आता पुढचे चार वक्ते ऐकायचे कुणासाठी, आणि एक वाजेपर्यंत करायचं काय? आचाऱ्याच्या चुलीवर अजून पाणीच ठेवलेलं होतं. बाळासाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "अशी कशी काय आई, घाई करून..." आणि बोलता बोलता लहान मुलासारखे रडायला लागले. मला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. काही राहिलं नव्हतं. नळीसुद्धा नाही. एका रविवारच्या नळीवर जीव अडकावा, इतक्या कमी नळ्या त्यांनी खाल्ल्याच नव्हत्या.

मी घाटाच्या टोकाला, गाड्या लावल्या होत्या त्याच्या पलीकडे, पायरीवर जाऊन बसले. डबा मांडीवर. काहीतरी करायचं म्हणून उघडला. नळ्या निवलेल्या, वर चरबी गोठलेली. आधी वाटलं, कुत्र्याला घालावी. मग मी एक उचलली, तोंडाला लावली आणि ओढली. गर आला नाही. मी ती डब्याच्या झाकणावर आपटली, ठक, ठक, ठक. घाटावरच्या दोन-तीन माना वळल्या. जिभेवर सवयीने 'सॉरी' आलं होतं. त्याच वेळी नळीतला गर सुटला, आणि मी तो आधी खाल्ला.

डोळे उघडले तेव्हा समोर वैशालीताई उभ्या होत्या. दहा दिवसांचं जागरण चेहऱ्यावर. मला वाटलं, आता बोलणार.

"तुमाला नळी आवडती व्हय?" त्यांनी विचारलं. "कदी म्हनला न्हाईत."

"हो," मी म्हटलं. "मला नळी आवडते."

त्या डब्यात उरलेल्या दुसऱ्या नळीकडे बघत राहिल्या. "आमाला सुतक हाय," म्हणाल्या. मग पदर खोचला आणि आचाऱ्याकडे निघाल्या. चार पावलं जाऊन वळल्या. "सुतक फिटल्यावर तिखटाचं, मटनाचं जेवान हाय घरी. या तुमी. मी पयल्या पंगतीला बसनार हाय."

त्या गेल्यावर दुसरी नळीही मीच खाल्ली.